लक्ष जातं चटकन, परत येतं सावकाश

पडद्यावर एक निसर्गचित्र दिसतं. ते लक्षात ठेवायचं. काही सेकंदांत मध्येच एक चेहरा येतो. तो बाईचा की पुरुषाचा, वय साधारण किती, हे ठरवायचं. मग पुन्हा एक निसर्गचित्र. हे मघाचंच का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रयोगशाळेत ॲडम गझाली आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधला चेहरा तरुणांनाही थोडा नडला, पण साठीपलीकडच्यांना जास्त. एमआरआयमधून याचं कारण दिसलं. चेहरा आला की दोन्ही गटांचा मेंदू चित्र बाजूला ठेवून चेहऱ्याकडे वळत होता. चेहरा गेल्यावर तरुणांचा मेंदू तो सोडून चित्राच्या आठवणीशी पुन्हा जोडला जाई. वयस्कांच्या मेंदूला चेहरा सुटतच नव्हता.

म्हणजे अडचण परत येण्यात आहे. गॅसवर दूध आहे आणि फोन आला. नात आणि आजी दोघीही फोनवर सारख्याच मन लावून बोलतात. फोन ठेवल्यावर नात दुधाकडे वळते. आजीच्या डोक्यात अजून फोनवरचंच बोलणं चालू असतं. दूध उतू गेलं की घरचे म्हणतात, ‘तुझं लक्षच नसतं हल्ली.’ हे बोलणं अन्यायाचं आहे. लक्ष होतं, ते फोनपाशी अडकलं. आणि लगेच डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराची शंकाही नको, कारण प्रयोगातली वयस्क मंडळी निरोगी होती.

मुळात लक्ष द्यावं लागेल अशी दोन कामं मेंदू क्वचितच खरोखर एकाच वेळी करतो. तो भराभर इकडून तिकडे उड्या मारतो. सरावाने हे थोडं सुधारतं. याच गटाने ६० ते ८५ वयाच्या लोकांना महिनाभर एक व्हिडिओ गेम खेळायला दिला: गाडी रस्त्यावर ठेवायची आणि ठरावीक खूण दिसली की बटण दाबायचं. महिनाअखेर त्या खेळात ते सराव नसलेल्या विशीतल्या मुलांच्या पुढे गेले. २०१३ साली त्याचा बराच गाजावाजा झाला. पण खेळात पटाईत झालेला माणूस स्वयंपाकघरातही तितकाच सावध होईल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

मला जास्त काळजी चालण्याची वाटते. तरुणपणी चालायला फारसं लक्ष लागत नाही, उतारवयात लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी ५८ वृद्धांशी ते चालत असताना गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ही पाहणी लहान होती, पण तिच्यामुळे चालणं आणि बोलणं एकत्र तपासण्याकडे डॉक्टरांचं लक्ष वळलं. घरातलं वयस्क माणूस बोलायला म्हणून चालता चालता थांबत असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा. आणि ते जिना उतरत असताना वरून हाक मारून काही विचारू नका. खाली पोहोचू द्या, मग विचारा.