कांस्यनिधी, ब्रिटनमधील

कांस्ययुगात, म्हणजे ब्रिटनच्या हिशेबाने इ.स.पू. सुमारे 2200 ते 800 या काळात, जमिनीत एकत्र पुरून ठेवलेल्या कुऱ्हाडी, भाल्यांची पाती, तलवारींचे तुकडे आणि तांब्याच्या लगडी यांना कांस्यनिधी म्हणतात. पूर्वी ते नांगराच्या फाळाला लागून वर येत. अलीकडे ते बहुधा मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींना सापडतात. खिळे आणि घोड्यांचे नाल सारखे वाजू नयेत म्हणून ही मंडळी यंत्र लोखंडाला दाद देणार नाही असे लावतात. लोहयुगातली अवजारे त्यामुळे पायाखालीच राहून जातात.

या निधींत हमखास आढळते ती पोकळ कुऱ्हाड. तळहातात मावेल एवढी, मागून पोकळ आणि एका बाजूला छोटी कडी. पोकळीत गुडघ्यासारख्या वाकलेल्या फांदीचे टोक ठोकायचे आणि कडीतून दोरी ओवून आवळायचे. दोन भागांच्या साच्यात, मध्ये मातीचा गाभा ठेवून ती ओतली जाई. साच्याच्या सांध्याची रेघ दोन्ही कडांवर अजून बोटाला लागते.

डॉर्सेट परगण्यातील लँग्टन मॅट्रॅव्हर्स येथे 2007 साली अशा सुमारे 500 कुऱ्हाडी निघाल्या. त्या कांस्ययुग सरून लोखंड येऊ लागले त्या काळातल्या. त्यांत कथिल इतके की रंग चांदीसारखा चमकावा, पण पाते पहिल्याच घावाला तडकावे. काहींच्या पोकळीत ओतकामाची माती तशीच होती. लाकूड तोडायला त्या केलेल्याच नव्हत्या. मोडतोड झालेल्या निधीला ओताऱ्याचे भंगार म्हणता येते. इथे ते जमत नाही, देवाला वाहिल्या असाव्यात हा तर्क अधिक पटतो. अशा वेळी वस्तू खड्ड्यात कशा रचल्या होत्या हाच खरा पुरावा असतो. म्हणून नांगरटीच्या थराखाली यंत्र वाजले की हात आवरून पुरातत्त्वज्ञांना बोलवावे, असा तिकडचा दंडक आहे.

इंग्लंड-वेल्समध्ये 1996 च्या ट्रेझर ॲक्टखाली सोन्या-चांदीवर भर होता. 1 जानेवारी 2003 पासून प्रागैतिहासिक काळातल्या साध्या धातूच्या, एकत्र सापडलेल्या दोन किंवा अधिक वस्तूही ‘ट्रेझर’ ठरतात. 14 दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने घेतल्यास बक्षीस सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. एकटी कुऱ्हाड यात सहसा बसत नाही.

भारतातला याच्या जवळचा प्रकार म्हणजे ताम्रनिधी. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे 1870 मध्ये तांब्याची 424 अवजारे आणि चांदीचे 102 पत्रे मिळाले, तेही गुरे राखणाऱ्या पोरांना. आपल्याकडचा निखात कायदा 1878 चा. 10 रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे तो सांगतो.