करार मोडायला लावणं आणि धंद्यात बेकायदा आडकाठी: दावा नेमका कोणता?

वर्षभराचा करार केलेला पुरवठादार एकाएकी माल थांबवतो आणि त्यामागे तुमचा स्पर्धक असल्याचं कळतं. मग 'आमच्या करारात ढवळाढवळ केली' असं म्हणून दावा ठोकला जातो. पण तिऱ्हाइताविरुद्धचे दावे दोन आहेत. त्यांची मिसळ केली तर दोन्ही पडण्याची भीती असते.

पहिला दावा करार मोडायला लावल्याचा. 1853 मधलं लंडनचं लम्ली विरुद्ध गाय प्रकरण त्याचं मूळ. योहाना वाग्नर या गायिकेचा लम्लीच्या नाट्यगृहाशी करार होता. गायने जास्त पैसे देऊ करून तिला आपल्याकडे ओढलं, असा आरोप होता. आता, जास्त पैसे देऊ करणं हा काही गुन्हा नव्हे. चूक करार मोडणाऱ्याची, आणि जाणूनबुजून तिला तसं करायला लावणारा त्या चुकीत भागीदार. म्हणूनच करारभंग झालाच नसेल तर हा दावा उभा राहत नाही. पुरवठादाराने करारात लिहिल्याप्रमाणे 30 दिवसांची नोटीस देऊन काम सोडलं असेल, तर स्पर्धकाने त्याला कितीही फूस लावलेली असो, इथे हाती काही लागत नाही.

दुसरा दावा बेकायदा मार्गाने नुकसान केल्याचा. 1793 च्या टार्लटन प्रकरणात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका जहाजाच्या कप्तानाने दुसऱ्या जहाजाशी व्यापार करायला निघालेल्या स्थानिकांच्या होडीवर तोफ डागली. तिथे मोडण्यासारखा करार नव्हता, होती ती फक्त धंद्याची आशा. तरीही तो जबाबदार ठरला, कारण तोफ डागणं मुळातच बेकायदा होतं.

पुढे इंग्लंडच्या निकालांत ही दोन सूत्रं एकमेकांत गुंतत गेली. 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ओबीजी विरुद्ध ॲलन या निकालात ती पुन्हा वेगळी केली.

पहिला दावा बहुतेक 'माहिती होती का' या प्रश्नावर अडतो. ओबीजीबरोबरच निकाली निघालेल्या मेनस्ट्रीम प्रकरणात कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी जागेचा एक सौदा स्वतःकडे वळवला. त्या सौद्याला पैसे पुरवणाऱ्यावर कंपनीने दावा केला. पण यात कंपनीशी केलेला करार मोडत नाही ना, असं त्याने त्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारलं होतं. 'कंपनीने ही जागा नाकारली आहे' असं उत्तर मिळालं. त्याने ते प्रामाणिकपणे खरं मानलं आणि तो सुटला. म्हणून करारभंग व्हायच्या आतच स्पर्धकाला स्पीड पोस्टाने लेखी कळवा. सोबत संबंधित कलमांची प्रत जोडा, दर झाकलेत तरी चालतील. आमच्या मते या दाव्यात सगळ्यात कामाचा कागद हाच. मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्यालाही माहिती होती असंच धरलं जातं.

दुसऱ्या दाव्यात कसोटी कडक आहे. बेकायदा कृत्य तुमच्या ग्राहकाविरुद्ध किंवा पुरवठादाराविरुद्ध झालेलं हवं, त्याला स्वतःला त्यावर दावा करता येईल असं हवं, आणि तुमच्याशी व्यवहार करण्याची त्याची मोकळीक त्यामुळे हिरावलेली हवी. शिवाय तुमचं नुकसान करण्याचा हेतू लागतो. ओघात झालेलं नुकसान पुरत नाही. 2021 च्या सर्व्हिए खटल्यात औषध कंपनीने पेटंट कार्यालयाची आणि न्यायालयांची फसवणूक केली, त्यामुळे औषध महाग पडलं, असं इंग्लंडच्या आरोग्यसेवेचं म्हणणं होतं. पण कार्यालयाचा किंवा न्यायालयांचा आरोग्यसेवेशी व्यवहारच नव्हता. दावा तिथेच संपला.

भारतात कर्मचारी पळवल्याची तक्रार असेल तर आधी करार कायद्याचं कलम 27 बघा. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारी अट सहसा निरर्थक ठरते. अटच निरर्थक, तर ती मोडायला लावली असं कसं म्हणणार?

आणि तारीख. करारभंगाच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 55 नुसार तीन वर्षं मिळतात. करार मोडायला लावणाऱ्याविरुद्ध भरपाई मागायची तर अनुच्छेद 78 नुसार करारभंगाच्या तारखेपासून फक्त एक वर्ष. पुरवठादाराशी तडजोडीच्या बैठका करत दीड वर्ष गेलं, तर त्याच्यावरचा दावा शाबूत राहतो, पण स्पर्धकावरचा मुदतबाह्य झालेला असतो.