पूलवरचं शेड आतून तपासा

बेळगावातून जांबोटी किंवा खानापूरच्या रस्त्याला लागलं की हल्ली एखाद्या फार्महाऊसच्या कंपाउंडमध्ये निळं पाणी दिसतं. घरापुरता छोटा स्विमिंग पूल आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवलेलं पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक शेड. आपल्याकडे ते लागतंच. पावसाळ्यात धार थांबत नाही आणि उरलेलं वर्षभर पालापाचोळा, लाल धूळ पाण्यात पडत राहते. मिरगाच्या आधी कुणीतरी शिडी लावून वरचा पाला काढतो, पाईपने शीट धुतो आणि यंदाची देखभाल झाली असं घरात सगळे धरून चालतात.

ही तपासणी चुकीच्या बाजूने होते. वरची बाजू पाऊस धूतच असतो. धातू झिजतो तो खालच्या, पाण्याकडे तोंड असलेल्या बाजूला, कारण तिथे पावसाचा थेंबही पोचत नाही.

पूलजवळ जो उग्र वास येतो तो ताज्या क्लोरीनचा आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर घाम, लघवी आणि अंगावरच्या साबणाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, त्यांचा तो वास असतो. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही, हवेत जातं. उघड्या पूलवर ते वाऱ्याबरोबर निघून जातं, बंद शेडमध्ये मात्र छताखाली साठून राहतं.

आता जानेवारीतली पहाट घ्या. पूलचं पाणी २८ अंशांवर गरम ठेवलं आहे आणि बाहेर बेळगावची थंडी १४ अंशांवर उतरली आहे. २८ अंशांची एक घनमीटर हवा साधारण २७ ग्रॅम बाष्प धरू शकते, १४ अंशांची जेमतेम १२ ग्रॅम. उरलेलं पाणी गार सांगाड्यावर थेंबांनी जमतं, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून जमतं तसं. या थेंबांत क्लोरामाइन विरघळतं आणि त्यातून क्लोराइड, म्हणजे मिठात असतो तोच क्लोरीनचा अंश, तयार होतं. दहा वाजता ऊन चढलं की पाणी उडून जातं, क्लोराइड मात्र तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मूळ पाण्यात क्लोराइड किती विरळ आहे याला मग फारसा अर्थ उरत नाही, कारण सांध्याच्या फटीत महिनोन् महिने त्याचा थर वाढत जातो.

याचा सगळ्यात भयंकर पुरावा स्वित्झर्लंडमधल्या उस्टर या गावी मिळाला. तिथल्या जलतरण तलावाच्या सभागृहात छताखाली काँक्रीटचं आणखी एक छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी टांगलेलं होतं. ९ मे १९८५ रोजी ते खाली कोसळलं आणि १२ माणसं गेली. बांधकाम जेमतेम १३ वर्षांचं होतं. क्लोराइड आणि सळीवरचा सततचा ताण यांच्या जोडीने स्टीलला आतल्या आत बारीक चिरा पडत गेल्या होत्या. साधा लोखंडी बोल्ट गंजतो तेव्हा फुगतो, खपल्या पडतात, माणूस सावध होतो. स्टेनलेस स्टील असं तडकतं तेव्हा वरून बऱ्यापैकी चकचकीत दिसू शकतं, आणि मग एकदम तुटतं. म्हणून ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील, महाग असलं तरी, पूलच्या छताला जिथे हात पोचत नाही आणि जिथे सगळं वजन टांगलेलं आहे तिथे वापरू नये. आपल्या घरच्या शेडला सहसा टांगलेलं छत नसतं. पण दिवे, पंखे, स्पीकर वर टांगलेले असतातच, आणि त्यांचे हुक कोणत्या धातूचे आहेत हे फॅब्रिकेटरला कुणी विचारत नाही. ते जरूर विचारा.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप चढतो आणि तोच त्याला वाचवतो. बेळगावजवळ यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी ॲल्युमिना पावडर काढतात, ती याच पदार्थाची. क्लोराइड या थराला सुईने टोचावं तशी भोकं पाडतं आणि त्या जागी पांढरी भुकटी उगवते. शिडी लावून उंचावरचा एखादा सांधा बघा, तिरकी किंवा आडवी पट्टी उभ्या खांबाला मिळते तो. मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ समांतर धरला की भुकटी आणि खड्डे लगेच उठून दिसतात. पांढरा चुरा दिसला तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. तपकिरी ओघळ दिसला तर स्क्रूचं जस्ताचं कवच संपून आतलं लोखंड गंजू लागलंय. जिथे दोन वेगळे धातू ओल्या खारट फिल्मने जोडले जातात, तिथे दोघांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. तांब्याच्या पाईपवरून गळणारं पाणी ॲल्युमिनियमवर पडू देऊ नका, एवढं तर घरातल्या कुणालाही बघता येईल. तोच सांधा दर वेळी त्याच कोनातून फोटो काढून ठेवला की पुढच्या वर्षी तुलना करायला शब्द लागत नाहीत.

उपाय साधा आहे: महिन्यातून एकदा सांगाडा आतून गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवायचा. बोअरचं पाणी खारं असेल तर टाकीतलं पावसाचं पाणी वापरा. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग एवढं राखलं, आणि पोहण्याआधी सगळ्यांनी अंघोळ केली, तर क्लोरामाइनच कमी होतं. आणि ॲसिडचा कॅन व क्लोरीनची पावडर शेडच्या आत, पंपाशेजारी ठेवायची सवय मोडाच. झाकण घट्ट असलं तरी ॲसिडची वाफ थोडी सुटतेच, आणि ॲसिड चुकून क्लोरीनवर सांडलं तर विषारी वायू निघतो.

शीटकडे वळू. पॉलिकार्बोनेट उष्णतेने दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०६५ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम ०.०२३. तीन मीटरचं टिंटेड शीट पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापलं तर ते जवळजवळ ९ मिलिमीटर वाढतं, त्याखालची पट्टी मात्र ३. हा फरक रोज दोनदा ताणला जातो. स्क्रूचं भोक अगदी मापाचं असेल तर भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडतात. भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, खाली रबरी वॉशर हवा, आणि स्क्रू आवळून आवळून वॉशर चपटा करायचा नाही. दुसरी गोष्ट, उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो. मेस्त्रीने घाईत उलटं बसवलं तर काही वर्षांत शीट पिवळं पडून ठिसूळ होतं. अशा जुन्या शीटवर पाय देऊन चढू नका, माणूस आरपार जातो. सांगाड्यावर आडवी फळी टाकूनच काम करा. धुताना सौम्य साबण चालतो. थिनर, ॲसिटोन किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण नको.

आपल्याकडे शेडची खरी परीक्षा वळवाच्या पावसात होते. संध्याकाळी एकदम वारं सुटतं आणि पाच मिनिटांत पत्रे उडतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर साधारण २४ किलो भार येतो. ४ बाय ८ मीटरचं छत असेल तर ढोबळमानाने पाऊण टनाच्या वर, आणि तो बऱ्याचदा वरच्या दिशेने ओढणारा. वेग दुप्पट झाला तर भार चौपट. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर आतूनही दाब येतो. म्हणून होळी झाली की, वळवाच्या आधी, शेड पायाला धरून ठेवणारे अँकर बोल्ट आणि पायाच्या प्लेटा एकेक करून तपासाव्यात. पान्याने फिरवून पाहिल्याशिवाय बोल्ट घट्ट आहे असं म्हणायचं नाही.

अथणी, रायबागकडच्या काळ्या रानात शेड असेल तर आणखी एक कटकट. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया वर-खाली होतो. रुळावर सरकणारं शेड असेल तर एके दिवशी ते अडकतं, आणि मग माणसं जोर लावून ढकलतात, सांधे वाकवतात. खरं तर मेस्त्री ज्या पद्धतीने घराचा चौकोन धरतो तीच इथे पुरते. सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत फरक पडला तर चौकट तिरकी झाली आहे. लेव्हल पाईपने दोन्ही रुळांची उंची पाहा. पावसाळ्यानंतर एकदा, आणि मेअखेर एकदा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर, मोटारसायकल, कोयता-खुरपं धुऊन पूजतो. पूलचा पंप आणि शेडही त्याच दिवशी धुऊन तपासायला काय हरकत आहे?

पन्हळीत तुंबलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून पन्हळ दर आठवड्याला रिकामी करा. विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबून पाहावं, आणि सांगाड्याला अर्थिंग आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

दाराची तपासणी मात्र रोजची. लहान मूल बुडताना ओरडत नाही, दोन-तीन मिनिटांत सगळं शांतपणे होऊन जातं. शेडचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, स्प्रिंगने आपोआप मिटणारं आणि कडी मोठ्यांच्या उंचीवर असलेलं हवं. स्प्रिंग चार-पाच पावसाळ्यांत सैल पडते. रोज संध्याकाळी दार चार बोटं उघडून सोडून द्या. ते आपण होऊन मिटून कडी लागली पाहिजे. एकदा जरी अडलं तर त्या रात्री बाहेरून कुलूप लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी स्प्रिंग बदला.