गर्भजलातील दाहदर्शक

गर्भाशयात दाह, म्हणजे जंतू किंवा इजेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, सुरू झाल्याची खूण गर्भजलात, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्यात, दाखवणारे घटक. इंटरल्युकिन-६ हे प्रथिन, एमएमपी-८ हे विकर, पांढऱ्या पेशींची संख्या आणि ग्लुकोजची पातळी हे त्यांतले मुख्य. दिवस भरण्याआधी पाणी गेले किंवा कळा सुरू झाल्या, की त्यांना महत्त्व येते.

जंतू बहुधा योनीमार्गातून वर चढतात. त्यांत वरचेवर सापडणारा युरियाप्लाझ्मा नेहमीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) वाढत नाही, आणि पेशीभित्तिका नसल्याने ग्राम रंजनातही (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) दिसत नाही. म्हणून जंतू शोधत बसण्यापेक्षा शरीराने दिलेले उत्तर मोजणे अधिक भरवशाचे. इंटरल्युकिन-६ मिलिलिटरला २.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तर दाह धरतात; पांढऱ्या पेशींसाठी घनमिलिमीटरला ५० ही मर्यादा वापरतात. ग्लुकोज मात्र उतरते, कारण जंतू आणि पेशी ते वापरून टाकतात; डेसिलिटरला १४ मिलिग्रॅमच्या खाली गेले की शंका घ्यावी. कधी जंतू मुळीच नसतात, तरी दाह असतो.

हा दाह बराच काळ मुका असतो. आईला ताप, बाळाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर, पाण्याला दुर्गंधी ही लक्षणे उशिरा येतात, काहींत येतही नाहीत. तोवर बाळ तेच पाणी गिळत असते, फुप्फुसांत ओढत असते. जन्मानंतरचा जंतुदोष, फुप्फुसांचे विकार आणि मेंदूची इजा यांचा धोका त्यातून वाढतो.

ग्रामीण विदर्भात हा प्रश्न आधीपासूनच रुजलेला आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. अंगावरून जाणे अंगावरच काढायचे, ही सवय गरोदरपणातही सुटत नाही. प्रसूतीआधी राहण्यासाठी दुर्गम भागात ‘माहेरघर’ आहे. पण तारीख जवळ आल्यावर तिथे जायचे असते, आणि हे संकट सातव्या-आठव्या महिन्यातच येते. पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद.

सुई घालून गर्भजल काढण्यावर गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे कायद्याची कडक नजर आहे. महाराष्ट्राने तसा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. ही नजर रास्तच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होत नाही, तेव्हा तिथे डोळा, नाक आणि घड्याळ यांवरच भिस्त. आशाताईने विचारायचे ते हे : पाणी किती वाजता गेले, घडीवरचा डाग पांढरट की हिरवा-पिवळा, वास येतो का. २४ ते ३४ आठवड्यांत बाळाची फुप्फुसे लवकर तयार करणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाची ६ मिलिग्रॅमची पहिली सुई एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) देऊन पुढे पाठवू शकते. जंतुदोषाची उघड लक्षणे असतील तर ती देत नाहीत. कळा नसताना हाताने आतून तपासणेही टाळतात, कारण दर तपासणीगणिक जंतू वर जाण्याचा धोका वाढतो.