प्रवासी कागदपत्रांच्या डिजिटल प्रती

प्रवासी कागदपत्रांच्या डिजिटल प्रती : पासपोर्ट, व्हिसा, खलाशाची सीडीसी (जहाजावरील नोकरीची नोंदपुस्तिका), लसीकरणाचे प्रमाणपत्र इत्यादींची छायाचित्रे, स्कॅन किंवा सहीबंद डिजिटल रूपे आणि सीमा ओलांडताना होणारा त्यांचा वापर. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड, राजापूर या पट्ट्यातील कुटुंबांत बोटीवरची किंवा आखातातील नोकरी पिढ्यान्‌पिढ्यांची असल्याने कोकणात हा विषय घरोघरचा आहे.

‘डिजिटल प्रत’ म्हणताना तीन निरनिराळ्या वस्तू एकत्र येतात. पहिली म्हणजे कागदाचे चित्र : मोबाइलवरील फोटो किंवा पीडीएफ. दुसरी म्हणजे सरकारी नोंदीची पावती. ई-व्हिसाची मूळ नोंद देणाऱ्या देशाच्या संगणकात असते आणि हातातील पीडीएफ तिच्याकडे बोट दाखवते. सौदी अरेबियाने भारतीयांसाठी मे २०२३ पासून पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा बंद करून क्यूआर कोड असलेला कागद सुरू केला, तो या प्रकारचा. तिसरी म्हणजे देणाऱ्या सरकारची डिजिटल सही बरोबर घेऊन फिरणारी माहिती. सीमेवर पासपोर्टाऐवजी चालण्याची क्षमता फक्त या तिसरीत आहे.

पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ३ नुसार वैध पासपोर्ट किंवा प्रवासपत्राशिवाय भारताबाहेर जाता येत नाही, आणि कलम १७ नुसार पासपोर्टाची पुस्तिका केंद्र सरकारच्या मालकीची असते. डिजिलॉकरमधील ‘इश्यूड’ कागदांना मूळ कागदाचा दर्जा आहे, पण तो देशांतर्गत. स्वतः अपलोड केलेल्या स्कॅनला तोही नाही. विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा केवळ देशांतर्गत उड्डाणांसाठी आहे. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून आधी नोंदणी केलेल्या ‘विश्वासू’ प्रवाशांसाठी स्वयंचलित दारे आहेत. तेथेही पुस्तिका यंत्रावर ठेवावीच लागते. नेपाळ-भूतानला मतदार ओळखपत्र चालते, तेही मूळ.

इतिहास : या किनाऱ्यावर प्रवासी कागद ठळकपणे दिसतो तो सोळाव्या शतकाच्या आरंभापासून. पोर्तुगीजांच्या कर्ताझमध्ये (समुद्री परवान्यात) जहाजाचे नाव व आकारमान, नाखवा, शस्त्रे, माल आणि जाण्याचे बंदर नोंदलेले असे. तो नसलेले जहाज जप्त होई. काही अभ्यासक त्याचा आरंभ वास्को द गामाच्या १५०२ च्या सफरीशी जोडतात. इतरांच्या मते गोवा (१५१०) आणि चौल येथे पाय रोवल्यावरच त्याला पद्धतीचे रूप आले. उपलब्ध पुराव्याकडे पाहता सुटे परवाने आधी आणि पद्धत नंतर, असा क्रम अधिक संभवनीय वाटतो. दुसरा वाद उगमाचा आहे. भूमध्य समुद्रातील अभयपत्रांची प्रथा पोर्तुगीजांनी इकडे आणली असे एक मत आहे. हिंदी महासागरातील बंदरांत अशी अभयपत्रे पूर्वीपासून होती आणि पोर्तुगीजांनी त्यांना सक्तीची जोड दिली, असे दुसरे. दख्खनी सत्तांनी व्यापाऱ्यांना दिलेले कौल दुसऱ्या मताला बळ देतात, जरी हाती असलेले बरेचसे कौल नंतरच्या काळातले आहेत. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या दस्तकांनी (परवान्यांनी) मराठी आरमाराच्या वतीने तोच हक्क सांगितला. मुंबईच्या इंग्रजांनी तो मानला नाही. या सगळ्या कागदांचा मजकूर कोणालाही उतरवून घेता आला असता. जहाज सुटे ते सही-शिक्क्यावर. आजच्या डिजिटल प्रतीपुढचा प्रश्नही तोच आहे.

पुस्तिकेचा आधुनिक नमुना राष्ट्रसंघाच्या १९२० च्या पॅरिस परिषदेतून पुढे आला, आणि यंत्राने वाचण्याजोग्या पासपोर्टाचा आंतरराष्ट्रीय नमुना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये प्रसिद्ध केला.

तांत्रिक रचना : माहितीचे पान १२५ × ८८ मिमी असते. तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. रिकाम्या जागा कोनी भरणखुणेने (<) भरतात. पहिल्या ओळीत नावासाठी ३९ जागा आहेत, म्हणून लांब नावे तुटतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे एकेक पडताळा-अंक येतो. अंकांना क्रमाने ७, ३, १ यांनी गुणायचे, बेरीज करायची आणि १० ने भागून उरलेली बाकी घ्यायची. १५ ऑगस्ट १९८५ ही तारीख ८५०८१५ अशी लिहिली जाते; बेरीज ५६ + १५ + ० + ५६ + ३ + ५ = १३५, पडताळा-अंक ५. अंधूक स्कॅनमध्ये पहिला ८ हा ३ वाचला गेला तर बेरीज १०० होते, बाकी शून्य येते आणि चूक पकडली जाते.

एकाच अंकाची चूक या पद्धतीतून सुटत नाही. मात्र शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असेल (०-५, १-६) आणि त्यांची अदलाबदल झाली, तर पत्ता लागत नाही. अक्षरांना १० ते ३५ अशी मूल्ये असल्याने इंग्रजी ‘जी’ (१६) आणि आकडा ६ यांची गल्लतही निसटते. भारतीय क्रमांकात पहिले अक्षर व पुढे सात आकडे असल्याने ती सहसा जागेवरून ओळखता येते. नावाला पडताळा-अंकच नाही. अर्ज भरणाऱ्या केंद्रात स्कॅनवरून नाव उतरवताना एखादे अक्षर चुकले, तर ते यंत्राच्या नजरेतून सुटून थेट विमानकंपनीच्या काउंटरवर उघडे पडते. व्हिसा हाती येताच नाव पासपोर्टाशी अक्षरशः ताडून पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

चित्र पुरेसे का नाही, हे ई-पासपोर्टच्या चिपवरून कळते. भारतात ई-पासपोर्टची प्रायोगिक सुरुवात १ एप्रिल २०२४ ला झाली. पहिल्या कार्यालयांत गोव्याचे कार्यालय होते. चिपमध्ये तळओळींची माहिती, चेहरा आणि या माहितीच्या संक्षिप्त ठशांवर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. चिप उघडण्याची किल्ली पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांवरूनच तयार होते, म्हणजे तळओळींचा स्वच्छ स्कॅन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे किल्लीही आहे. मात्र चिप वाचायला पुस्तिका काही सेंटिमीटर अंतरावर असावी लागते. सही केलेली माहिती जशीच्या तशी दुसरीकडे उतरवता येते, आणि ती अस्सल चिपमधूनच येत आहे हे सिद्ध करायला चिपमधून बाहेर न पडणारी गुप्त किल्ली लागते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या डिजिटल प्रवास-ओळखपत्राचे तीन प्रकार या भेदातूनच आले. पहिल्यात प्रवासी स्वतः चिपमधील माहिती फोनवर घेऊन आधी पाठवतो आणि पुस्तिका सोबत बाळगतो. दुसऱ्यात सरकार फोनला किल्ली देते, पुस्तिका राखीव राहते. तिसऱ्यात पुस्तिकाच नसते. फिनलंडने ऑगस्ट २०२३ पासून हेलसिंकी विमानतळावर पहिल्या प्रकाराची चाचणी घेतली.

कोकणातील वापर : चित्राच्या प्रतीचे खरे काम काउंटरच्या आधी आणि नंतर असते. बोटीवर लागताना मॅनिंग एजंट (जहाजांना खलाशी पुरवणारा) पासपोर्ट व सीडीसीचे स्कॅन बंदरावरील एजंटाकडे पाठवतो. १ जानेवारी २०२४ पासून खलाशांच्या यादीसह जहाजाची माहिती बंदरांच्या एकखिडकी संगणक व्यवस्थेतून देणे बंधनकारक आहे. खलाशाने मात्र विमानतळावर मूळ पासपोर्ट, मूळ सीडीसी आणि कंपनीचे पत्र दाखवावेच लागते. अपवाद सक्षमता प्रमाणपत्रांचा : १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी त्यांचे इलेक्ट्रॉनिक रूपही मूळ मानले आहे.

आखातात जाणाऱ्यांनी शेवटचे पान स्कॅन करायला विसरू नये. सध्या वापरात असलेल्या बहुतेक पुस्तिकांत वडिलांचे नाव तेथे असते. पासपोर्टावर एकच नाव असेल तर संयुक्त अरब अमिरात नोव्हेंबर २०२२ पासून भेट-व्हिसावर प्रवेश देत नाही. या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास सवलत मिळते.

प्रत सपाट स्कॅनरवर, रंगीत, ३०० डीपीआयला घ्यावी. चारही कडा आणि तळओळी पूर्ण याव्यात. मोबाइलने काढायची तर फ्लॅश बंद ठेवावा, कारण लॅमिनेशनवरील प्रकाशाच्या डागाखाली नेमका एखादा आकडा जातो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. कोणाला कशासाठी दिली ते प्रतीवर आडवे लिहावे, पण चेहरा व तळओळी झाकू नयेत. एक प्रत फोनच्या मेमरीत हवी, कारण भर समुद्रात नेटवर्क नसते. दुसरी घरच्या माणसाकडे. मालक किंवा कप्तान पुस्तिका ठेवून घेतो तेव्हा माणसाच्या हाती उरते ती हीच प्रत, म्हणून पुस्तिका सुपूर्द करण्याआधी ती घेतलेली असावी. पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी येऊन लॅमिनेशन सुटलेली पुस्तिका खराब ठरते. उत्तम स्कॅन असला तरी पासपोर्ट नव्याने काढावा लागतो.

परदेशात पुस्तिका हरवल्यास स्थानिक पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासात तक्रारीची प्रत, छायाचित्रे आणि जुन्या पासपोर्टाची प्रत द्यावी लागते. प्रत असेल तर ओळख पटवणे सोपे जाते. मायदेशी एकेरी प्रवासासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. हरवल्याची नोंद झालेला क्रमांक रद्द होतो आणि इंटरपोलच्या २००२ पासून चालू असलेल्या नोंदसंग्रहात जाऊ शकतो, त्यामुळे ती पुस्तिका नंतर सापडली तरी तिच्यावर प्रवास करता येत नाही.