ब्लूटूथ अडले की पंखा का घरघरतो?

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला नखाएवढा ब्लूटूथ डोंगल लिनक्सच्या लॅपटॉपला लावला की तो एक तर निमूट चालतो, नाहीतर हेडफोन जोडला जात नाही आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. माझ्या नशिबी गिरणी आली. कोणता प्रोग्रॅम किती राबतो ते दाखवणारा ‘टॉप’ चालवून पाहिला, तर ब्लूटूथ सांभाळणारा पडद्यामागचा प्रोग्रॅम ‘ब्लूटूथडी’ प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खाऊन बसलेला. डबीतली छोटी सीडी अर्थातच विंडोजची.

ब्लूटूथचे काम एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा यांनी मिळून त्याचा संघ काढला. लिनक्सपर्यंत ते २००१ मध्ये पोचले. तेव्हा चिप बनवणाऱ्या क्वालकॉममध्ये असलेल्या मॅक्स क्रास्नियान्स्की यांनी ‘ब्लूझी’ हे लिनक्ससाठीचे ब्लूटूथ सॉफ्टवेअर खुले केले आणि त्याच वर्षी ते २.४.६ कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आले. पुढे मार्सेल होल्टमान यांनी ते सांभाळले.

आज या रचनेत काम विभागलेले आहे. चिपशी बोलणारा भाग कर्नेलमध्ये, जोडणी आणि ओळखपाळख सांभाळणारा ब्लूटूथडी बाहेर आणि आवाजाचा कारभार तिसऱ्याकडेच. त्यामुळे पंखा ज्याच्या नावाने ओरडतो तोच दोषी असतो असे नाही. माऊस मधेच गायब झाला आणि तुटलेल्या जोडणीकडे कोणी प्रोग्रॅम पुनःपुन्हा डोकावत राहिला, तर कोअर शंभर टक्के भरतो. मूळ दुखणे मात्र खाली, यूएसबीत असते.

खरी उलथापालथ डिसेंबर २०१२ मधली. ब्लूझी ५ आले आणि जुन्या बऱ्याच गोष्टींना कात्री लागली. हेडसेटच्या माइकचा भागच काढून इतरांवर सोपवला. लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या ५.० ने २०१४ मध्ये ब्लूझी ५ शी जमवून घेतले, तेही आधी फक्त गाण्यांपुरते. माइकचा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. पुढे विम टायमान्स यांचे त्याच कामाचे पाइपवायर आले आणि २०२१ च्या फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीत आवाजाची गादी त्याच्याकडे गेली.

या साऱ्याचा ताप आज होतो तो असा: शोधल्यावर मिळणारा अर्धा सल्ला आधीच्या राजवटीतला असतो. ‘ऑडिओ.कॉन्फ’ ही सेटिंगची फाइल बदला म्हणतात, ती ब्लूझी ५ वाचतच नाही. ‘एचसीआयटूल’ ही आज्ञा वापरा म्हणतात, ते केव्हाच मोडीत निघाले. आता उपकरणे जोडायला ‘ब्लूटूथसीटीएल’ आणि आतली देवाणघेवाण पाहायला ‘बीटीमॉन’. पल्सऑडिओ मारून पुन्हा उठवा म्हणतात, पण तुमच्याकडे पाइपवायर असेल तर मारणार कोणाला?

आता डोंगलकडे. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ने ०ए१२:०००१ असा क्रमांक दाखवला. हा केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, म्हणजे सीएसआर या चिप कंपनीचा. (गंमत म्हणजे २०१५ मध्ये क्वालकॉमनेच ही कंपनी विकत घेतली.) पण बाजारातल्या स्वस्त नकला हाच क्रमांक मिरवतात आणि अस्सल चिपला जमणाऱ्या काही आज्ञांवर गोंधळतात. कर्नेलवाल्यांना या तोतयांना ओळखून वेगळी वागणूक देणारा मजकूर मुद्दाम लिहावा लागला. म्हणून अशा डोंगलसाठी जुन्या कर्नेलला चिकटून राहण्यात मला शहाणपण दिसत नाही.

माझ्या लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपने ठेवलेल्या नोंदींत, डोंगल तुटून पुन्हा जोडला गेल्याच्या ओळींची माळ होती. बॅटरी वाचावी म्हणून कर्नेल रिकामे यूएसबी उपकरण झोपवतो आणि हे महाशय एकदा झोपले की उठत नव्हते. यूएसबी ब्लूटूथ चालवणाऱ्या ‘बीटीयूएसबी’ या कर्नेलच्या मॉड्यूलची ‘एनेबल_ऑटोसस्पेंड’ ही झोपवण्याची सोय बंद केली, तसा पंखा शांत झाला.

आवाज मात्र अधूनमधून तुटत होता. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ब्लूटूथच्याच पट्ट्यात, गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. त्यात आमच्या इमारतीत भिंतीला भिंत लावून वायफाय. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लॅपटॉपपासून दूर नेला. आता तो खिडकीच्या गजाला लोंबतो आहे.