विमानांचे संदेश टिपणारा रिसीव्हर : घेण्यापूर्वी आणि बसवताना

सोलापूरवरून उंचावर जाणारे प्रवासी विमान आपले स्थान सेकंदाला साधारण दोनदा स्वतःहून प्रसारित करत असते. विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर ११२ बिटांचे छोटे संदेश सोडतो आणि त्यांतून विमानाचा २४ बिटांचा संकेतांक, स्थान, उंची व वेग आळीपाळीने कळतात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. आमच्याकडील रिसीव्हर हे संदेश फक्त ऐकतो. तो रडार नाही आणि स्वतः काहीही प्रसारित करत नाही.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न पल्ल्याचा असतो. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला प्रामुख्याने विमानाची उंची आणि अँटेनासमोरचे मोकळे क्षितिज यांवर ठरतो, यंत्राच्या किमतीवर नव्हे. दहा हजार मीटरवरील विमान सपाट मुलखात सुमारे ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकते, तर सहाशे मीटरवर उतरलेले विमान शंभर किलोमीटरच्या आसपास क्षितिजाआड जाते. म्हणूनच मुंबई–हैदराबाद मार्गावरील विमाने येथे सहज मिळतात. पुण्याच्या धावपट्टीवर टेकणारे विमान मात्र कोणत्याही रिसीव्हरने सोलापुरातून दिसणार नाही, आणि तसे आश्वासन आम्ही देत नाही.

जुळे सोलापुरातील एका ग्राहकांची तक्रार अशी होती की, उत्तरेकडची विमाने भरपूर दिसतात, दक्षिणेकडची मात्र जवळ येईपर्यंत उमटतच नाहीत. गच्चीवर गेल्यावर कारण समोरच होते : अँटेना पाण्याच्या टाकीला खेटून, तिच्या उत्तर बाजूस बांधलेली होती आणि भरलेली टाकी दक्षिणेकडून येणारे संदेश अडवत होती. रिसीव्हर तोच ठेवून लोखंडी पाइपावर अँटेना टाकीच्या वर नेली आणि तक्रार मिटली. त्यामुळे आमचा आग्रह असा आहे की, जादा खर्च करायचाच असेल तर तो आधी पाइप आणि केबलवर करावा.

केबलची गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे. या फ्रिक्वेन्सीला दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या बारीक केबलमध्ये दहा मीटरांत सिग्नलचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वाया जातो. डिशसाठी वापरतात त्या जाड, चांगल्या प्रतीच्या केबलमध्ये तेवढ्याच अंतरात निम्म्याहून अधिक सिग्नल टिकतो. अँटेना उभीच लावावी, कारण हे संदेश उभ्या ध्रुवीकरणाचे असतात, म्हणजे त्यांच्या लहरी उभ्या दिशेत कंप पावतात. शेजारी मोबाइल टॉवर असल्यास ॲम्प्लिफायरच्या (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) आधी इतर फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर लावावा, अन्यथा नको असलेला सिग्नलही वाढून रिसीव्हर बधिर होतो.

येथील मे महिन्याचे ऊन लक्षात घेऊन रिसीव्हर आणि संगणकाचा बोर्ड पत्र्याखाली किंवा गच्चीवरील बंद डबीत ठेवू नये. जिन्याच्या खोलीची सावली पुरेशी असते. जोडांवर जलरोधक टेप गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून पडते. वीज कडाडत असताना केबल काढून ठेवावी.

पडद्यावरील दोन गोष्टींमुळे नवीन ग्राहक गोंधळतात. विमान यादीत येते, पण नकाशावर लगेच उमटत नाही, कारण स्थान सम आणि विषम अशा दोन प्रकारच्या संदेशांत विभागून येते आणि सुरुवातीस दोन्ही मिळावे लागतात. तसेच दाखवलेली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरून मोजलेली असते, जमिनीपासून नव्हे. त्यामुळे होटगी रस्त्यावरील विमानतळावर टेकण्याच्या बेतातील विमानापुढेही सुमारे दीड हजार फुटांचा आकडा दिसतो. यंत्रात बिघाड नसतो. भारतात नोंदलेल्या विमानांचे संकेतांक ८० ते ८३ या अंकांनी सुरू होतात, हे मुलांना दाखवण्याजोगे आहे.

एडीएस-बी नसलेली किंवा ते बंद ठेवलेली विमाने या नकाशावर येत नाहीत. म्हणून ड्रोन उडवताना आकाश मोकळे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी याचा वापर करू नये. खरेदीपूर्वी आपल्या गच्चीचे चारही दिशांचे फोटो आणि गच्ची ते खोली अशा केबलच्या वाटेचे माप घेऊन दुकानात यावे.